कितवा दिवस?

दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं आणि संध्याकाळी मात्र अंगावर पातळ पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं, की मी ओळखते, बागांमध्ये छाटणी सुरू झाली. गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून एकही द्राक्षबाग दिसत नाही. दिसतात त्या पाण्याच्या टाक्या आणि समोरच्या बंगल्याची बोगनवेल. पण रस्त्यावर पेठ-सुरगाण्याकडच्या बायामाणसांनी भरलेले टेम्पो दिसायला लागतात. डोक्याला टॉवेल, पिशवीत कात्र्या, भांडीकुंडी बरोबर. ते पिंपळगावच्या दिशेने जातात. बाकीच्यांना या दिवसांत हुरूप येतो, दिवाळी तोंडावर असते. मला हा हंगाम आवडत नाही. तीन वर्षं झाली, आवडत नाही.

एके काळी जीव टाकायचे मी या दिवसांवर. दिवाळीची सुट्टी लागली की आई मला पिंपळगावच्या गाडीत बसवून द्यायची आणि फाट्यावर मामा उभा असायचा. त्याच्या शर्टाला गंधकाचा वास यायचा. मळ्यात पाऊल टाकलं की पायाखाली छाटलेल्या काड्या कुडकुड मोडायच्या. वरचा मांडव उघडा पडलेला, सगळीकडे नुसत्या तारा आणि आभाळ. आठ-दहा दिवसांत त्या सुकलेल्या काड्यांवरचे डोळे कापसासारखे फुगायचे आणि सुट्टी संपायच्या आत मांडवावर पोपटी रंग चढायचा. मला वाटायचं, हे सगळं मी आल्यामुळे होतं.

द्राक्षवाल्यांची दिनदर्शिका वेगळी असते. भिंतीवरच्या तारखेशी त्यांना फारसं कर्तव्य नसतं. छाटणी केली तो पहिला दिवस, तिथून पुढे मोजायचं ते थेट घड उतरेपर्यंत. वेल कितव्या दिवशी काय मागते, कितव्या दिवशी कोणत्या फवारणीचा हात द्यायचा, कितव्या दिवशी तिला अजिबात हात लावायचा नाही, हे सगळं त्या आकड्यावर चालतं. दोन बागाईतदार बांधावर भेटले की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न "कितवा दिवस?" हाच. तब्येत, पोरंबाळं, पाऊसपाणी सगळं नंतर. आणि प्रत्येकाचा दिवस निराळा. आपली छाटणी दसऱ्याआधी, शेजाऱ्याची दसऱ्यानंतर, म्हणजे एकाच सकाळी एका बांधाच्या अलीकडे विसावा दिवस असतो आणि पलीकडे नववा. मामाला स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्याची तारीख कधीच सांगता आली नाही. "एकोणसाठावा दिवस व्हता, घड औषधात बुडवायचं काम चाललं व्हतं," एवढंच त्याच्या लक्षात. मामी म्हणायची, "माझ्या बाळंतपणाला एवढे दिवस मोजले असते तर!"

मामाची एक वही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाच्या डोक्यावर फक्त एक आकडा. खाली त्याच्या तिरक्या अक्षरात त्या दिवशी वेल कशी दिसते, काय करायचं, काय करायचं नाही. वीसेक वर्षं त्याच पानांवर तो भर घालत आला होता. समासात, दोन ओळींच्या मधे, उभं, आडवं. गावातली माणसं सकाळी ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "मामा, माझं एकतीसचं पान काढा." तो सगळ्या गावाचाच मामा होता.

मी तेव्हा घरी बसून लहानसहान वेबसाइट करून द्यायचे. एक पैठणीचं दुकान, एक दाताचा दवाखाना, एक मंगल कार्यालय. संगणकातलं फार शिकलेली नव्हते, पण साइट बनवायची जी साधी सोपी सोय मी वापरायचे तिच्यात शिकायचंही काही नव्हतं. चौकोन उचलायचा, पाहिजे तिथे ठेवायचा, त्यात मजकूर भरायचा. एका उन्हाळ्यात मी मामाची वही तिथे चढवली. डाव्या बाजूला एकाखाली एक आकडे, एकपासून एकशे तीसपर्यंत. आकडा दाबला की त्या दिवसाचं पान. प्रत्येक पानाच्या तळाशी मामाचा नंबर, दाबला की थेट फोन लागायचा. पार्श्वभूमी पिवळी. वर द्राक्षाचा एक घड होता, तो मी ताणून एवढा लांब केला होता की भरताची वांगी वाटावीत. दिसायला अगदी गबाळी साइट.

मामाने चष्मा लावून माझ्या फोनवर अंगठ्याने पंचेचाळीस दाबलं. पान उघडलं. परत मागे जाऊन बारा दाबलं. ते उघडलं.

"हे कपाटावानी हाय," तो म्हणाला. "ज्या फळीवर ठेवलं त्याच फळीवर घावतं. लय बेस केलंस, वंदे."

कुणी मला त्याआधी आणि त्यानंतर माझ्या कामाबद्दल एवढं नेमकं बोललेलं नाही.

लताबाई आम्हाला त्या कपाटातूनच मिळाली. वणीच्या अलीकडे त्यांचं गाव. नवरा सातपूरच्या कारखान्यात, आठवड्याची सुट्टी मिळाली की घरी. दोन एकरांची बाग सासऱ्यांनंतर तशीच पडायची वेळ आली, तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "द्राक्ष हे बाईमाणसाचं काम नाय. मला द्या वाट्यानं." लताबाईने नवऱ्याकडून एक हंगाम मागून घेतला. तो म्हणाला, "बघ, जमतंय का." औषधांच्या दुकानात गेलं की दुकानदार तिच्याशी बोलायचाच नाही, मालकांना पाठवा म्हणायचा. मग कुणाकडून तरी तिला साइट कळली. रोज सकाळी चुलीवर चहा ठेवून ती आपला आकडा दाबायची आणि पान वाचून बागेत जायची. त्या पहिल्या वर्षात तिने मामाला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मामा तिची बाग बघायला गेला, मलाही घेऊन गेला.

मला ती दुपार स्वच्छ आठवते. मांडवाखाली हिरवी सावली, घड एकसारखे उतरलेले, एकही मणी वावगा नाही. लताबाई पुढे चालत होती. चाळिशीही न उलटलेली, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हातात फळाची छोटी कात्री. मामा मागून विचारी, "कितवा...?" आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणे, "एकशे चार." वळूनही बघायची नाही. त्या 'एकशे चार'मध्ये जो रुबाब होता तो मी कुठल्या कलेक्टरच्या आवाजातही ऐकलेला नाही. मी तिच्या फोनच्या पहिल्याच पडद्यावर साइटचं चिन्ह बसवून दिलं, तोच वांग्यांसारखा घड. "आता शोधायला नको," मी म्हटलं. दीर बांधावर उभा राहून आमच्याकडे बघत होता.

परत येताना गाडीत मामा म्हणाला, "बाई लय बारकाईनं वाचती. तुझ्यापेक्षा बी." मी हसले.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी खरंच वाचत नव्हते. मी ती पानं टंकली होती, सजवली होती, लोकांना अभिमानाने दाखवली होती. पण बत्तिसाव्या पानावर काय आहे, असं कुणी अचानक विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी कॉलेज रोडवर एका हॉटेलात एक दिवसाची कार्यशाळा होती. शिकवणारा पोरगेलासा, बोलायला चटपटीत. त्याने सगळ्यांच्या साइट पडद्यावर उघडून दाखवल्या. माझी आली तेव्हा हशा पिकला. वांग्यांवरून पिकला असणार. "ताई, ही साइट म्हणजे दुकानावरची पाटी झाली," तो म्हणाला. "एकदा बघितली की संपलं. माणूस रोज परत आला पाहिजे. रोज काहीतरी ताजं, सगळ्यात वर. खाली लोकांची मतं. ब्लॉगवर या, ब्लॉग म्हणजे गप्पा." मी वहीत लिहून घेतलं: ताजं वर. त्या हशाने माझे कान दिवसभर गरम होते. खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्या गरम कानांमुळे झालं. कुणी हाकललं नव्हतं, जुनं मोडलं नव्हतं, मामाची तक्रार नव्हती, लताबाईची तर नव्हतीच. मला शरम वाटली होती, एवढंच.

गणपती उठल्यावर मी कामाला लागले. जुनी पानं नव्या जागी ओढून घ्यायची सोय होती. एका दुपारी सगळी एकशे तीस पानं तिकडे गेली आणि बघते तर सगळ्यांवर एकच तारीख, त्या दिवसाची. मामाची वीस वर्षं एका दुपारी जन्माला आल्यासारखी दिसायला लागली. डावीकडचे आकडेही गेले. तिथे आकड्यांना जागाच नव्हती, होती ती फक्त तारखेला. पहिला दिवस सगळ्यात तळाशी, एकशे तिसावा डोक्यावर. मला त्यात धोका दिसला नाही, संधी दिसली. मी ठरवलं, मामाच्या बागेबरोबर ब्लॉग चालवायचा. मामा छाटणी करेल त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला एक पान आपोआप वर येईल. आधीच भरून ठेवायचं, वेळ लावून द्यायची आणि विसरायचं. मथळेही बदलले. 'बावीस' असा मथळा कोण वाचणार? मी लिहिलं, 'आज बागेत काय कराल?' आकडा खाली, बारीक अक्षरात, करड्या रंगात. फोन नंबर काढून टाकला, कारण उघड्यावर नंबर बरा दिसत नाही आणि आता कॉमेंटची सोय होतीच. गप्पा.

मामाला नेऊन दाखवलं. छान फोटो, पांढरी पार्श्वभूमी, वांगी गेलेली. त्याने बराच वेळ अंगठा वरखाली केला.

"माझं बारा कुठं गेलं?"

"येईल ना मामा, बाराव्या दिवशी वर येईल."

"तुझ्या-माझ्या बाराव्याला येईल. ज्याचा बारावा परवाच झाला त्यानं काय करायचं?"

"खाली शोधायचं. नाहीतर वर शब्द टाकून शोधायचं. सोपं असतं."

"हे वर्तमानपत्र झालं, वंदे," मामा म्हणाला. "आजचं वर, कालचं रद्दीत. वेल काय वर्तमानपत्र वाचती का?"

मी त्याला समजावलं. हो, मी समजावलं. ज्या माणसाने मला वेल दाखवली त्याला मी बागाईतदारांनी कसं वाचावं ते समजावलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी स्वतः पाहिलेला आहे, रोज आरशात दिसतो. शेवटी तो म्हणाला, "तुला कळतं त्यातलं. माझं काय जातंय." त्याच संध्याकाळी मी जुनी साइट काढून टाकली. 'नक्की काढायची?' असं विचारलं होतं त्या यंत्राने, आणि मी 'हो' दाबलं. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या घरी पोचवायची सोय केली, आणि आपण किती पुढचा विचार करतो याचं मला कौतुक वाटलं.

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, माझी चांगली महिनाभर टिकली. रोज सकाळी ब्लॉगवर किती जण आले ते बघायचं. सांगलीकडून कुणी, सोलापूरकडून कुणी. 'फोटो अप्रतिम', 'खूप सुंदर लिहिता ताई'. लिहिलेलं मामाचं होतं, ताई मी झाले होते. दिवाळी आली. कंदील, फराळ, सासरचे पाहुणे. पानं आपोआप वर येत होती, माझ्यावाचून काही अडत नव्हतं. त्या आठवड्यात मी ब्लॉग उघडलाच नाही.

द्राक्षात जीए नावाचं एक वाढीचं औषध देतात. आमच्याकडे नुसतं 'जीएचा हात' म्हणतात. वेल पोपटी असताना, विशीच्या आसपासच्या दिवसांत, तो हात दिला की घड लांबतो, मोकळा होतो. तेच औषध ऐन फुलोऱ्यात पडलं तर फूल धरत नाही, गळून जातं. औषध तेच, पंप तोच. फरक दिवसाचा. मामाच्या वहीत बावीसच्या पानावर लिहिलंय, 'जीएचा दुसरा हात आजच. उद्यावर टाकू नये.' आणि छत्तीसच्या पानावर समासात, दोनदा अधोरेखित करून, 'फुलोरा. जीए बंद.'

भाऊबिजेच्या सकाळी सहा वाजता मामाच्या बागेचा बाविसावा दिवस वर आला. 'आज बागेत काय कराल?' मी तेव्हा आईकडे होते, ओवाळायच्या ताटात सुपारी नाही म्हणून धावपळ चालली होती.

आठेक दिवसांनी मामा वणीला देवीच्या दर्शनाला गेला. येताना वाटेत लताबाईकडे वळला. तिथूनच त्याचा फोन आला. मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतो, पलीकडचं माणूस लांब आहे म्हणून. त्या दिवशी हळू बोलला.

"वंदे, हितं घडांच्या नुसत्या काड्या राहिल्यात. फुलोऱ्यात जीए दिलाय बाईनं. दोन्ही हात यिळच्या यिळी देऊन झाले व्हते, हा तिसरा. ती म्हणती, मामांनी सांगितला."

"पण आकडा होता ना मामा, खाली लिहिलेला..."

"ती म्हणती, तिनं विचारलं व्हतं."

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. बघायची जागा मला माहीत होती, कधी गेले नव्हते इतकंच. नव्या माणसाची कॉमेंट थेट दिसत नाही, आधी मालकाने ती मंजूर करावी लागते. तिथे ढीग साचला होता. टक्कल घालवायचं तेल, झटपट कर्ज, परदेशी नोकरी. त्या सगळ्यांच्या मधे भाऊबिजेच्या सकाळी सव्वासातला:

'मामा नमस्कार. माझा आज ३६ वा दिवस आहे. फुलोरा सुरू आहे. दोन हात दिलेले आहेत. तरी आज देऊ का. लता.'

आणि त्याच दिवशी दुपारी तीन वाजता:

'मामा मी वाट पाहते.'

त्यापुढे काही नाही. चार वाजता तिने पंप पाठीला लावला.

मी त्या दोन ओळी किती वेळ बघत बसले माहीत नाही. रडूसुद्धा लगेच आलं नाही. आधी आला तो राग, आणि तो तिचा आला. एवढं कळत होतं तर दिलाच का? मग लक्षात आलं की ती माझ्यासारखी नव्हती. ती वाचणारी होती. तोवर त्या चिन्हामागे तिला एकही खोटी ओळ सापडली नव्हती. आता तोच घड दाबला, 'आज' म्हणून मोठ्या अक्षरात आलं, 'उद्यावर टाकू नये' म्हणून आलं. तिला वाटलं, या वर्षी हवा वेगळी आहे, मामांनी खास आजच्यासाठी नवीन काहीतरी सांगितलंय. तरी तिने विचारलं. दिवसभर थांबली. नंबर कधी साठवून ठेवला नव्हता, पानाच्या तळाशी तो होताच ना. तो मी काढला होता, बरा दिसत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा तिच्याकडे गेलो. मांडवाखाली गळलेल्या फुलांचा पिवळट भुसा पडला होता. वर घडांचे सांगाडे, एखाददुसरा मणी चुकून धरलेला. मी काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. "लताबाई, माझं चुकलं," एवढंच म्हटलं.

"तुमचं काय चुकलं ताई? तुमी तर जीव तोडून करता," ती म्हणाली. "मीच वाचलं, मीच दिलं."

तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज बरी असते. दीर त्या दिवशी बांधावर उभा नव्हता. तो मांडवात होता, मजुरांना काहीतरी सांगत होता. लताबाईच्या अंगावर नवऱ्याचा शर्ट नव्हता. आमच्यासाठी चहा करायला ती घरात गेली तेव्हा तो मामाला म्हणाला, "मी पयल्यापासून सांगत व्हतो. मोबाइलवर शेती व्हत नसती." मामा त्याच्याशी वाद घालेल असं मला वाटलं. मामाने खाली बघितलं. त्या माणसासमोर मामाला खाली बघायला मी लावलं.

गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता वही मागू नको."

मी घरी येऊन रात्रीपर्यंत सगळे मथळे बदलले. आकडे मोठे केले, वर आणले, नंबर परत घातला. बैल गेला आणि झोपा केला. द्राक्षाची वर्षातली दुसरी, एप्रिलची छाटणी लताबाईच्या दिराने केली. त्यानंतर त्या फोनवरून कुणी माझ्या ब्लॉगवर आलं की नाही, कळायला मार्ग नाही.

ब्लॉग चालू आहे. हेच मला सगळ्यात लागतं. तो बंद पडला असता तर काहीतरी न्याय झाला असं वाटलं असतं. तो चांगला चालतो. मामाची वही मिळेना म्हणून मी स्वतःच लिहायला लागले, बागेतली सकाळ, मांडवाखालची सावली, असलं. लोकांना आवडतं. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान अजूनही ते बाविसावंच आहे, का ते देव जाणे. हा लेखसुद्धा उद्या तिथेच जाईल, सगळ्यात वर, आणि मामाचे आकडे आणखी एक पायरी खाली सरकतील. आणि तिथे आत, मंजुरीच्या वाटेवर, दोन कॉमेंट पडून आहेत. आजूबाजूची तेलं आणि कर्जं मी दर आठवड्याला पुसून टाकते. त्या दोन पुसवत नाहीत. मंजूरही करवत नाहीत. 'मामा मी वाट पाहते.' कशाला मंजूर म्हणायचं?

मामा आता थकलाय. त्याची बाग मुलगा बघतो. लाल वही कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली मामाच्या करगोट्याला. गेल्या वर्षी मी धीर करून विचारलं, परत जुन्यासारखी साइट करू का, आकड्यांची, पिवळी. तो म्हणाला, "कुणासाठी?"

गेल्या आठवड्यात नवरात्रात वणीला गेले होते. गडावर गर्दी होती, उतरायला दुपार झाली. परतताना गाडी आपसूक लताबाईच्या गावच्या फाट्यावर मंदावली. खोटं कशाला, आपसूक नाही, मीच ड्रायव्हरला सांगितलं. लताबाई दारातच होती, शेंगा निवडत होती. मला बघून उठली, तोंड भरून हसली, "या ताई, किती दिसांनी." पाणी दिलं. मुलगा बारावीला आहे म्हणाली. नवऱ्याची पाळी बदलली म्हणाली. तिच्या हातावर मांडवाच्या तारांचे जुने ओरखडे अजून होते, फिकट झालेले. फोन शेजारी पालथा ठेवला होता. तो उलटा करून बघावा, घडाचं चिन्ह अजून आहे का, असं मला फार वाटलं. बघितलं नाही.

घरामागे बाग दिसत होती. छाटणी झाली होती. मांडव उघडा, काड्यांवर डोळे फुगायला लागलेले, कुठे कुठे पोपटी ठिपका. अगदी माझ्या सुट्टीतल्यासारखं. जे सगळे विचारतात तेच तोंडातून गेलं.

"कितवा दिवस, लताबाई?"

तिचा हात शेंगांवर थांबला. तिने मान वळवून बागेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊजींना विचारावं लागंल," ती म्हणाली.